सातव्या क्रमांकाचा पाऊस

३ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, "चिडचिड पोटात ठेवू नका, लोकांवरही काढू नका. वहीत लिहीत चला." म्हणजे माणसांवर चिडायचं नाही, कागदावर चिडायचं. रक्तदाबाची गोळी दिली ती वेगळीच. असो. वही आणली आहे, लिहितो.

आज साहेबांनी बोलावलं. गेल्या महिन्यात नाल्याकाठची गल्ली बुडाली, त्यावर चौकशी समिती बसली आहे. समितीला आमच्या हवामान कार्यालयाकडून एक तुलना हवी. एकोणीस वर्षांपूर्वीचा तो प्रसिद्ध पाऊस आणि हा पाऊस, ह्यांत थोरला कोण आणि दोन्ही वेळा आकाशात नेमकं काय चाललं होतं? त्यावरून समिती ठरवणार, की गल्लीतल्या लोकांना परत आपापल्या घरी जाऊ द्यायचं, की गल्ली कायमची रिकामी करून सगळ्यांना टेकडीच्या रस्त्यावरच्या नव्या इमारतींत हलवायचं. "तुमचा हातखंडा आहे, तुम्हीच लिहा," साहेब म्हणाले. साहेबांना एखादं काम नको असलं की त्यात माझा हातखंडा असतो.

मी म्हटलं, "साहेब, माझी सख्खी बहीण त्या गल्लीत राहते. म्हणजे राहत होती. दुसऱ्या कुणाला द्या."

"मग तर तुम्ही जास्तच मन लावून लिहाल!" असं म्हणून ते हसले. ह्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

ताई तेव्हापासून माझ्याकडेच आहे. गल्लीत तिचं शिवणकामाचं दुकान, मागे दीड खोलीचं घर. मेहुणे गेल्यावर तिने दुकान एकटीने चालवलं. शाळेचे गणवेश, पडदे, पँटी आखूड करणं, काय येईल ते. त्या सकाळी पाणी शिरलं तेव्हा ती कापड कापायच्या टेबलावर चढली आणि छोटं मशीन छातीशी धरून तीन तास उभी राहिली. पाणी टेबलावर आलं, तिच्या गुडघ्याला लागलं, तेव्हा कुठे कुणीतरी खिडकीचे गज तोडून तिला बाहेर काढलं. आता ठणठणीत आहे. घरी कधी जायला मिळणार, एवढंच तिच्या डोक्यात आहे.

आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला होता. नेहमीसारखाच. पावसाळाभर रोज संध्याकाळी तिचं ठरलेलं, "ढगोबा, उद्या कपडे बाहेर वाळत घालू का?" मी कार्यालयाचा अंदाज सांगितला. हलक्या ते मध्यम सरी, निवांत झोप. हाताशी जी माहिती होती तिच्याप्रमाणे तो अंदाज बरोबर होता. हे इथे फक्त नोंद म्हणून लिहिलं आहे.

५ सप्टेंबर, गुरुवार

माझ्याच घरात मला माझी वस्तू सापडेना. सकाळी बूट शोधतोय, शोधतोय. शेवटी सापडले कुठे, तर कपाटावर! इस्त्री माळ्यावर. तांदळाचा डबा सगळ्यांत वरच्या फळीवर, म्हणजे भात खायचा तर आधी स्टुलावर चढा.

"ताई, बूट काय कपाटावर ठेवायची वस्तू आहे?"

"केर काढायला सोपं जातं," ती म्हणाली.

तिची पिशवी तशीच भरलेली आहे, दाराशेजारच्या खुंटीला टांगून ठेवली आहे. मी तिला कपाटाचा अख्खा कप्पा रिकामा करून दिला. त्यात तिने एक रुमालसुद्धा ठेवलेला नाही. इथे राहायचं नाही हे मान्य, पण ते इतकं दाखवायची काय गरज आहे?

रोज जेवण झालं की ती दुकान साफ करायला म्हणून जाते आणि दिवेलागणीला परत येते. गल्लीत अजून घोटाभर चिखल आहे म्हणतात. हिच्या चपलेला एक टिपका नाही. लहानपणापासूनच टापटिपीची, काय बोलणार. मी म्हटलं, "रविवारी मी येतो मदतीला." तर एकदम अंगावर आली, "काही नको! तू तुझं ते लिही आधी. लिहिलंस का?" दिवसातून दोनदा तरी विचारते. घरी जायची घाई झाली आहे बाईसाहेबांना.

एक मात्र बरं झालं. उद्या कपडे वाळत घालू का, हे विचारायचं तिने बंद केलं आहे. तेवढाच डोक्याचा ताप कमी.

तळमजल्यावरचे काका आज पुन्हा जिन्यात भेटले. "काय हो, आज छत्री नेऊ की होडी?" गेला महिनाभर हाच विनोद आहे. आधी मी हसायचो. आता फक्त दात दाखवतो.

६ सप्टेंबर, शुक्रवार

तक्ता आला. आमच्या शहरातले गेल्या चाळीस वर्षांतले मोठे पाऊस, उतरत्या क्रमाने. पहिला एकोणीस वर्षांपूर्वीचा, एका दिवसात ३८० मिलिमीटर. गेल्या महिन्यातला सातवा. २०५.

सातवा! बाई टेबलावर उभी असून पाणी गुडघ्याला लागलं, तो पाऊस सातवा!

ह्याचं कारण सांगायचं तर आमच्या धंद्याची रीत सांगावी लागेल. आमचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. रोज साडेआठला माप वाचायचं, रिकामं करायचं, पुन्हा शून्यापासून. जुना पाऊस सकाळी नऊच्या सुमारास सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना थांबला. अख्खा एका दिवसात मावला. हा पाऊस पहाटे सुरू झाला आणि दुपारच्या आत संपला. साडेआठला बरोबर मधोमध चिरला गेला. २०५ एका दिवसाच्या खात्यावर, १९० दुसऱ्याच्या. जुन्याने रात्रंदिवस राबून जेवढं पाणी टाकलं त्याहून जास्त ह्याने सहा तासांत टाकलं, आणि आमच्या तक्त्यात दोन मध्यमवर्गीय पाऊस शेजारी शेजारी मुकाट बसले आहेत.

हे साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "तुलना सारख्याशी सारखी हवी. जुन्या पावसाची तासातासाची नोंद आहे का?"

"नाही. तेव्हा आपल्याकडे आपोआप नोंद करणारं यंत्र नव्हतं."

"मग नव्यालाही साडेआठचीच रीत लावली पाहिजे. ह्याला शास्त्र म्हणतात."

संताप ह्याचा येतो, की ऐकायला हे बरोबर वाटतं. मी म्हटलं, "साहेब, ढगाच्या मनगटावर घड्याळ नसतं."

"पण कार्यालयाच्या भिंतीवर असतं," ते म्हणाले. मग जरा हळू आवाजात, "अहो, सातवा क्रमांक सगळ्यांच्या सोयीचा आहे. नाला तुंबला होता, साफ केला, लोक घरी गेले, विषय संपला. तुमच्या बहिणीचीही सोय झाली. आणि सातव्या क्रमांकाच्या पावसाला अंदाज का चुकला, असं कुणी विचारत नाही."

ताकाला जाऊन भांडं लपवत नाहीत आमचे साहेब, एवढा त्यांचा गुण. पण पुढचा तासभर मी जे समजावलं ते पालथ्या घड्यावर पाणी.

९ सप्टेंबर, सोमवार

आज आकाशाचं काम झालं. एकंदर बरा दिवस.

माझ्या हाताखाली एक मुलगी आहे. ती सकाळ-संध्याकाळ हवेत फुगा सोडते. फुग्याला लहानसं यंत्र बांधलेलं असतं, ते वर जाता जाता ओल, तापमान आणि वारा कळवत जातं. तिला सगळे फुगेवाली म्हणतात, आणि फोन उचलला की ती स्वतःही तसंच सांगते. आम्ही दोघांनी दोन्ही पावसांचे नकाशे भिंतीवर शेजारी शेजारी लावले.

जुन्या पावसाच्या वेळी समुद्रावर कमी दाबाचं मोठं क्षेत्र तयार झालं होतं. ते किनाऱ्याशी आलं आणि तिथेच ठिय्या देऊन बसलं. समुद्राकडचा ओला वारा सतत डोंगरावर चढत राहिला आणि सबंध प्रांतभर पाऊस कोसळला. असा पाऊस पत्ता विचारत, सामानसुमान घेऊन येणाऱ्या पाहुण्यासारखा असतो. आजच्या साधनांनी तो तीन-चार दिवस आधी नकाशावर दिसतो.

नव्याच्या वेळी नकाशावर काही नव्हतं. काही म्हणजे काहीच नाही! फक्त जमिनीपासून पार वरपर्यंत हवेत गच्च ओल होती, आणि वरचा वारा जवळजवळ मेलेला. एक ढग उभा राहिला आणि कोसळला. त्याच्याखालून थंड हवा पसरली, तिने लगेच मागची हवा वर ढकलली आणि तिथे दुसरा ढग उभा राहिला. मग तिसरा. वाहून न्यायला वारा नाही, त्यामुळे सगळे एकामागून एक त्याच गल्लीवर रिकामे झाले. विमानतळावर त्या सकाळी रस्तेसुद्धा धड भिजले नव्हते.

म्हणजे हे दोन पाऊस एका कुळातले नाहीतच. थोरला कोण हा प्रश्नच मुळात चुकीचा. विचारायला हवं ते हे, की सावध व्हायला वेळ किती मिळतो? जुन्यासारखा आला तर दिवस मिळतात. नव्यासारखा आला तर तास-दीड तास, तोही नशीब असलं तर.

"सर, त्या संध्याकाळचा फुगा मीच सोडला होता," फुगेवाली म्हणाली. "ओल दिसत होती हो. पण अशी ओल पावसाळ्यात कितीदा दिसते आणि काही होत नाही." तिचा चेहरा पडला होता. मी तिला सांगितलं, मनाला लावून घेऊ नकोस, तुझी चूक नाही. पाच-सात वेळा सांगितलं असेल.

घरी आलो तर ताई माझ्या खिडक्यांना पडदे शिवत बसलेली. मी मागितले नव्हते. "लिहिलंस का?" आलाच प्रश्न.

मी तिला तक्त्याचा घोळ सांगितला. "असं समज, अखंड कापड होतं. तू ते मधोमध कापून दोन गिऱ्हाइकांना दिलंस, आणि मग म्हणालीस, तागा लहानच होता."

"मग एवढी साधी गोष्ट तुझ्या साहेबांना कळत नाही?"

"कळते. तोच तर घोळ आहे."

तिने दोरा दाताने तोडला, सुईत नवा ओवला. मग म्हणाली, "म्हणजे तू ते जोडून, खरं लिहिलंस तर गल्ली बंद होणार?"

"बहुतेक."

"आणि सातवा लिहिलंस तर?"

"तर तू घरी जाशील."

नेमकी तेव्हाच सुई तिच्या बोटात गेली. इतकी वर्षं शिवतेय आणि सुई टोचून घेते. वर मलाच म्हणाली, "तुझ्या घरात उजेडच नाही मेला." दिवा गेल्याच महिन्यात बदलला आहे!

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज मसुद्यात लिहिलं, "सकाळी साडेआठच्या प्रचलित पद्धतीनुसार सदर पाऊस सातव्या क्रमांकाचा ठरतो." एक अक्षर खोटं नाही. वाक्य चारदा वाचलं आणि चारही वेळा ते खरं होतं.

तिच्या बाजूने विचार करून बघितला. लग्न होऊन ती त्या घरात आली. मेहुण्यांनी दुकानाची पाटी स्वतः रंगवली होती. सगळी गिऱ्हाइकं तिथली. आणि मी, तिचा धाकटा भाऊ, ज्याच्या शाळेच्या पँटी तिने शिवल्या, तो एक सही करून तिला तिथून उठवणार? इकडे आड, तिकडे विहीर. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

फुगेवालीने मसुदा वाचला. "सर, हे तुम्ही लिहिलंय?"

"टाइप केलंय."

"तेच म्हणतेय," ती म्हणाली आणि फुगा भरायला निघून गेली. आजकाल कुणाला मोठ्यांशी नीट बोलता येत नाही.

दुपारी रक्तदाब मोजायला जाऊन तसाच घरी आलो. ताई दुकान साफ करायला निघून गेली होती आणि किल्ली खुंटीवर! तीन मजले धावत उतरलो, कोपऱ्यापर्यंत गेलो, बाई गायब. मोजून घेतलेला रक्तदाब वाया गेला. संध्याकाळी विचारलं, "कुलूप कसं उघडलंस?"

"समोरच्या किल्लीवाल्याकडे दुसरी असते," ती म्हणाली. मग आधी सांगायचं ना! उगाच पळवलं मला.

१४ सप्टेंबर, शनिवार

आज समितीबरोबर गल्ली पाहायला गेलो. अध्यक्ष गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून आले होते, ते त्यांना मोठे होत होते. प्रत्येक पावलाला एक बूट चिखलात राहायचा.

ताईच्या दुकानासमोर थांबलो. कुलपाच्या भोकात चिखल वाळून दगड झाला आहे. तोडलेल्या गजांतून आत बघितलं. काहीही हललेलं नाही. जमिनीवरचा गाळ तडकला आहे. त्यात एक रीळ, एक खडू, गणवेशाची एक बाही. कापायचं टेबल भिंतीला लागून आहे, आणि भिंतीवरची पाण्याची रेघ टेबलाच्या वर आहे. चांगली वर. मला हे माहीत होतं, तरी मी ते बघत उभा राहिलो. समिती पुढच्या घरी गेली होती.

समोर किल्लीवाला आपला गाळा खरवडत होता. त्याला विचारलं, "ताई रोज किती वाजता येते?"

"ताई? त्या दिवसानंतर नाही आल्या."

"तुमच्याकडे त्यांची दुसरी किल्ली असते ना?"

"माझ्याकडे?" तो म्हणाला. "साहेब, माझं अख्खं दुकान वाहून गेलं."

मग ही रोज दुपारी जाते कुठे? वाटेत विचार करकरून डोकं दुखलं, आणि मग एकदम उजेड पडला. समितीच्या कार्यालयात! गल्ली उघडा म्हणून अर्ज करत फिरत असणार. मला अवघड वाटेल म्हणून लपवते. माझ्या नाकाखाली, माझ्याच अहवालाविरुद्ध, माझ्याच घरचं जेवून! धन्य आहे. मी काही विचारलं नाही. बघू किती दिवस नाटक करते ते.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आज अक्षर वाईट येईल.

दुपारी जेवणानंतर पश्चिमेकडे ढग उभा राहिला. बघता बघता काळोख झाला, वीज गेली, पाऊस सुरू. फुगेवाली म्हणाली, "सर, वर वारा आहे, हा निघून जाईल." मलाही तसंच दिसत होतं. तरी ताईला फोन लावला. उचलत नाही. पुन्हा लावला. परत तेच. पाचव्यांदा लावला आणि मी छत्री न घेता निघालो. जिन्यात तळमजल्याचे काका होते. माझा अवतार बघून त्यांनी होडीचं काही काढलं नाही.

दार सताड उघडं. घरात ताई नाही. मशीन नाही. खुंटीवरची पिशवी नाही. मी स्वयंपाकघर बघितलं, न्हाणीघर बघितलं, मूर्खासारखं कपाटसुद्धा उघडून बघितलं. मग जिन्यात वरून खोकल्याचा आवाज आला.

गच्चीच्या बंद दाराशी, सगळ्यांत वरच्या पायरीवर ती बसली होती. मांडीवर मशीन, खांद्याला पिशवी.

मी ओरडलोच, "आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो, ताई!"

"माहीत आहे रे."

"मग हे काय?"

"पाय आपोआप वर चढले," ती म्हणाली.

"अगं, पुरता अकरा मिलिमीटर पडला नसेल! थांबलासुद्धा! मला विचारायचं ना, किती पडणार आहे ते!"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. मशीनवरची धूळ पदराने पुसत राहिली, आणि धूळ तर नव्हतीच. मला धाप लागली होती म्हणून मी खालच्या पायरीवर बसलो. तिने माझी बाही चिमटीत धरून ठेवली. मग मशीन मी उचललं. लोखंडाचा गोळा आहे नुसता. हे घेऊन ही तीन तास उभी होती?

म्हणजे हिला भीती वाटते. एवढी भीती वाटते, तरी तिथेच जायचं आहे! ह्या हट्टाला काय म्हणावं?

चहा झाल्यावर मी मसुदा काढला आणि सातवा खोडला. ताईला राग आला तर येऊ दे. बोलणं टाकलं तर टाकू दे. रागावलेली बहीण मला चालेल. पुन्हा टेबलावर उभी राहिलेली चालणार नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

काल बैठक झाली. सगळं लिहून काढतो, नाहीतर डॉक्टर म्हणतील गोळी वाढवा.

साहेबांना सकाळी नवा अहवाल दिला. त्यांनी वाचला, कपाळाला हात लावला. "सातवा कुठे गेला?"

"तक्ता जोडला आहे. खाली रीतही समजावली आहे."

"तुम्ही मला खड्ड्यात घालणार," साहेब म्हणाले. पण सही केली. का केली ते मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नसावं.

समितीत मी कापडाचं उदाहरण दिलं. अध्यक्षांना लगेच कळलं. माझे दहा दिवस गेले आणि त्यांना अर्धं मिनिट लागलं. मग दोन्ही नकाशे दाखवले. अध्यक्षांनी विचारलं, "थोडक्यात सांगा. असा पाऊस पुन्हा येईल?"

"येईल. कधी, ते सांगता येणार नाही."

"पण यायच्या आधी तुम्ही लोकांना सांगू शकाल ना? दोन दिवस आधी? एक दिवस?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. इथे गोलगोल बोलायची आमची पद्धत आहे. शक्यता वर्तवता येते, साधनं सुधारत आहेत, वगैरे. मी तोंड उघडलं ते त्यासाठीच. पण बाहेर आलं भलतंच.

"त्या संध्याकाळी माझ्या बहिणीने मला फोन करून विचारलं होतं," मी म्हणालो. "मी ह्या शहराचा हवामानवाला, तिचा सख्खा भाऊ. मी तिला सांगितलं, निवांत झोप. आज तोच फुगा, तेच आकडे समोर ठेवले तर आजही मी तेच सांगेन. तुम्ही लोकांना माझ्या भरवशावर तिथे राहायला पाठवणार असाल, तर पाठवू नका."

फुगेवाली नकाशाची गुंडाळी करत होती, ती थांबली. मला घाम फुटला होता. अध्यक्षांनी पाणी पुढे केलं. निर्णय तिथेच झाला. गल्ली रिकामी करायची, सगळ्यांना टेकडीच्या रस्त्यावर जागा.

घरी आलो. ताई दारातच होती. "लिहून दिलंस?"

"दिलं."

"काय?"

"गल्ली बंद, ताई. तू आता तिथे परत जाऊ शकत नाहीस. कुणीच नाही. मला माफ कर, पण मला दुसरं लिहिता आलं नाही."

ती भिंतीला टेकली. मला वाटलं, चक्कर आली. हात धरायला गेलो तर ती हळूहळू खाली बसली, तिथेच उंबऱ्यात, आणि रडायला लागली. तोंडात पदर कोंबून, लहान मुलीसारखी. मी आपला सांगतोय, मी नवं दुकान बघून देतो, तू समितीत केलेले अर्ज मला माहीत आहेत, मी रागावलेलो नाही.

"कसले अर्ज?" ती रडता रडता म्हणाली.

"मग रोज दुपारी जायचीस कुठे?"

"गल्लीच्या तोंडाशी. बस थांबते ना, तिथल्या बाकावर." तिने नाक पुसलं. "रोज ठरवून जायची, आज खाली उतरायचंच. पाय पुढे पडायचा नाही रे. संध्याकाळ झाली की परत यायची."

"मग मला सांगितलं का नाहीस? मी तर समजत होतो, तुला घरी जायचं आहे!"

"काय सांगू? ह्यांनी उभं केलेलं दुकान मी भीतीपायी टाकलं म्हणून? शेजारपाजार परत निघालाय आणि मीच तेवढी भित्री?" आणि मग तिने जो श्वास सोडला तो मी जन्मात विसरणार नाही. "आता सांगता येईल. सरकारने उठवलं. माझा काही इलाज नव्हता."

लिही लिही म्हणून मागे लागली होती ती ह्यासाठी! एवढी शिकलेली माणसं आम्ही, दोन पाऊस शेजारी ठेवून त्यांचं कूळ ओळखतो. शेजारच्या खोलीतलं माणूस मला ओळखता आलं नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

सकाळपासून ताईची सभा भरली आहे. जिन्यात, गॅलरीत, जो भेटेल त्याच्यापुढे. "अहो, माझ्या सख्ख्या भावाने मला बेघर केलं! सही केली आणि मोकळा झाला! कुणाला तोंड दाखवू मी?" आवाजात काय जोर, काय रंग. तळमजल्याचे काका मला म्हणाले, "शोभलं नाही हो हे तुम्हाला." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. मध्येच ताईने त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा सुरू झाली. दुपारपर्यंत काकांच्या दोन पँटी आखूड करायला घेऊन आली.

संध्याकाळी भाजी घेऊन घरात शिरलो आणि दारातच कशाला तरी अडखळून पडता पडता वाचलो. बटाटे पार गॅलरीपर्यंत गेले. खाली बघतो तर माझे बूट. जमिनीवर.

"अगं, दारात बूट कोण ठेवतं!" मी ओरडलो.

"बूट दारातच ठेवतात!" आतून आवाज आला. खुंटीवर पिशवी नव्हती. कपाटाचा तिचा कप्पा उघडा होता आणि ती त्यात घड्या घातलेले कपडे लावत होती. पाठमोरीच होती. वळली नाही, पण हात थांबले.

"ढगोबा," ती म्हणाली, "उद्या कपडे बाहेर वाळत घालू का?"

मी एक बूट हातात घेऊन उभा राहिलो. हलक्या ते मध्यम सरी, असा आजचा अंदाज आहे. अगदी तोंडावर आलं होतं.

"मला नक्की माहीत नाही, ताई," मी म्हटलं. "घाल. ढग उभा राहताना दिसला की मी फोन करतो. तू फक्त उचल."

"उचलते," ती म्हणाली आणि पुढची घडी घातली.